राजा व्हायला नकार

योहानच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एक ओळ आहे. पाच भाकरी आणि दोन मासे यांत हजारो लोक जेवले, वर बारा टोपल्या उरल्या. मग लोक येशूला बळजबरीने राजा करायला निघाले. हे ध्यानात येताच तो त्यांना सोडून एकटाच डोंगरावर निघून गेला (योहान ६:१५). भाकरींचा चमत्कार आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. त्यानंतरची ही ओळ मात्र आपल्या कानांवरून निघून जाते. लोक मनापासून मुकुट द्यायला आले होते. भुकेल्यांना खाऊ घालणारा राजा कोणाला नको असतो? मग ज्याला राजा करायचे, तोच का निघून जातो?

आजच्या तरुणांना हा प्रश्न सिनेमातून भेटला आहे. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची ‘ड्यून’ ही विज्ञान-कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरचे दोन चित्रपट २०२१ आणि २०२४ साली आले. त्यात एका वाळवंटी ग्रहावरचे पिचलेले लोक एका तरुणाला आपला मशीहा मानू लागतात. त्या तरुणाला दिसते की आपल्या नावाने पुढे प्रचंड रक्तपात होणार आहे. त्याला ते नको असते, पण लोकांच्या श्रद्धेपुढे त्याचे काही चालत नाही. लोकांना भारून टाकणाऱ्या पुढाऱ्यांपासून सावध करण्यासाठी आपण ही कथा लिहिली, असे हर्बर्ट सांगत असत. कथा काल्पनिक आहे, ग्रहही काल्पनिक आहे. पण नको म्हणणारा तारणारा आणि त्याला सोडायला तयार नसलेले अनुयायी ही गोष्ट पाहायला आपल्याला दुसऱ्या ग्रहावर जायला नको. ती आपल्या महाडमध्ये घडलेली आहे.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला, पाणी मात्र जिथल्या तिथे राहिले. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे अशा कार्यकर्त्यांनी परिषदेची उभारणी केली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावले. २० तारखेला बाबासाहेब लोकांसह तळ्यावर गेले, पाण्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. मागून हजारो लोक प्याले.

पुढे काय झाले तेही आपल्याला ठाऊक आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा गावात पसरली. मंडपात जेवायला बसलेल्यांना काठ्यांनी मारहाण झाली, अन्न मातीत गेले. बाबासाहेबांच्या एका इशाऱ्याची वाट पाहत शेकडो माणसे उभी होती. त्यांत लष्करातून निवृत्त झालेले सैनिकही होते. तो इशारा त्यांनी दिला नाही. लोकांना शांत ठेवले. कित्येकांनी मुसलमान शेजाऱ्यांच्या घरांत आसरा घेतला. नंतर तळ्यात पंचगव्य ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले.

२० मार्च १९२७ हा रविवार होता, प्रायश्चित्तकाळातील तिसरा रविवार. त्या काळच्या लॅटिन मिस्सेत पुढच्या, म्हणजे चौथ्या रविवारी जगभरच्या चर्चमध्ये जे शुभवर्तमान वाचले जाई, ते होते योहान ६:१ ते १५. म्हणजे महाडमध्ये रक्त सांडल्यानंतर बरोबर एका आठवड्याने, देवळादेवळांत हीच ओळ वाचली गेली: लोक राजा करायला आले आणि तो डोंगरावर निघून गेला. हा निव्वळ योगायोग आहे, आम्ही त्यातून काही सिद्ध करू पाहत नाही. पण ज्या मातीत आपण राहतो तिथली घटना आणि ज्या वचनावर आपण जगतो ते वचन अशी शेजारी शेजारी आलेली पाहून थांबावेसे वाटते.

डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला आले. मुंबईहून बोटीने दासगाव बंदर आणि तिथून पायी महाड. या वेळी हजारो सत्याग्रही तुरुंगात जायच्या तयारीने जमले होते. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्याच्या पाण्यावर न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला होता. ते म्हणाले असते, तर लोक त्यांच्यामागे तळ्यात उतरले असते. त्यांनी लोकांपुढे प्रश्न मांडला, चर्चा होऊ दिली आणि शेवटी सत्याग्रह तहकूब ठेवण्याचा निर्णय लोकांच्या गळी उतरवला. लोक तळ्याभोवती मिरवणुकीने फिरले, पाण्याला हात न लावता परतले. निकालासाठी जवळजवळ दहा वर्षे लागली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे सर्वांचे असल्याचे मान्य केले. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले होते. स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, जातीची खूण पटवणारा पेहराव टाका, असे त्यांचे सांगणे होते. बायकांनी लगेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. त्यासाठी त्यांना कोणाच्या हुकमाची गरज पडली नाही.

अशा माणसाला लोकांनी देव मानले नसते तरच नवल. बाबासाहेबांना मात्र याची धास्ती वाटत असे. आपल्या गौरवाने ओथंबलेल्या एका मानपत्राला उत्तर देताना त्यांनी श्रोत्यांना खडसावले होते: तुमच्यासारख्याच एका माणसाला तुम्ही देव करता आहात, ही सवय वेळीच मोडली नाही तर तुमचाच नाश होईल, कारण सारी भिस्त एकावर ठेवली की माणूस आपले कर्तव्य विसरतो. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेवर कडक टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी पुन्हा बजावले की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

या नकाराचा अर्थ काय? आम्हाला वाटते, तो विनय नव्हे. विनयाने नको म्हणणारे पुष्कळ असतात, चार वेळा आग्रह झाला की ते पाटावर बसतात. खरा नकार अनुयायांवर काहीतरी टाकतो. ‘मला उचलू नका’ असे म्हणणारा माणूस ‘तुमचे ओझे तुम्ही उचला’ असेही म्हणत असतो. म्हणून तो नकार लोकांना आवडत नाही. पूजा करणे सोपे असते. हार घालून, घोषणा देऊन, पाया पडून आपण मोकळे होतो. ज्याला देव केले त्याचे अनुकरण करण्याची जबाबदारी उरत नाही, कारण तो देव आणि आपण साधी माणसे!

प्रभू येशूनेही हेच केले. मार्कच्या शुभवर्तमानात त्याच भाकरींच्या प्रसंगी शिष्य म्हणतात, लोकांना घरी पाठवून द्या. येशू मात्र त्यांना खायला घालण्याचे काम शिष्यांवरच टाकतो (मार्क ६:३७). ज्यांना तो बरे करतो, त्यांतील अनेकांना तो गप्प राहायला सांगतो. पेत्राने त्याला ख्रिस्त म्हणून ओळखले, तेव्हाही त्याने हे कोणाला सांगू नका अशी ताकीद दिली. दुःख सोसणारा मशीहा नको म्हणणाऱ्या त्याच पेत्राला त्याने तिथल्या तिथे दटावले (मार्क ८:२९-३३). गर्दीला तिच्या भुकेच्या मापाचा राजा हवा होता. त्या मापात बसायला येशूने नकार दिला.

इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाबासाहेब ख्रिस्ती नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांना आपल्या पंक्तीत ओढण्याचा आमचा हेतू नाही. उलट, त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी आपल्यालाच आव्हान दिले आहे. त्यांचे म्हणणे असे: येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले आणि तारणासाठी आपल्याला मानण्याची अट घातली, बुद्धाने स्वतःसाठी असे कोणतेच स्थान मागितले नाही, तो मार्गदाता होता, मोक्षदाता नव्हता. म्हणजे ज्या धोक्याबद्दल आपण बोलतो आहोत, तोच आपल्या श्रद्धेच्या मुळाशी आहे की काय?

आपले उत्तर नम्रपणे द्यायला हवे. होय, आपण येशूला फक्त मार्ग दाखवणारा मानत नाही, तारणारा मानतो. तो विश्वास लपवून कोणाचे भले होणार नाही. पण हा तारणारा आपल्याला बाजूला बसवून तारत नाही. संत ऑगस्टिन यांनी शिकवले की आपल्याला न विचारता निर्माण करणारा देव आपल्या सहभागाशिवाय आपल्याला नीतिमान ठरवत नाही. पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली ख्रिस्तराजाचा सण सुरू केला. त्या वर्षांत युरोपात माणसांना राजाहून मोठे करण्याची हवा वाहत होती. आपला राजा मात्र शिष्यांचे पाय धुणारा आणि काट्यांचा मुकुट घालणारा आहे. शिवाय त्याचे राजेपण तो एकटा ठेवून घेत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या माथ्यावर पवित्र तेल लावून धर्मगुरू सांगतात की आपण ख्रिस्ताच्या याजकपणात, संदेष्टेपणात आणि राजेपणात सहभागी झालो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली प्रापंचिकांविषयी हेच ठामपणे मांडले. ज्या राजाची प्रजा स्वतः राजपदाची भागीदार असते, त्याची भक्ती माणसाला परावलंबी करू शकत नाही. करत असेल, तर ती भक्ती चुकीच्या दिशेने चालली आहे असे समजावे.

याचा पुरावा शुभवर्तमानातच आहे. गर्दीपासून जे त्याने लपवले, ते याकोबाच्या विहिरीवर एका शोमरोनी बाईला उघडपणे सांगितले (योहान ४:२६). यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. येशूने तिच्याकडे पाणी मागितले. तारणारा आधी मागणारा झाला. तिच्याकडे त्याला द्यायला मुकुट नव्हता, सैन्य नव्हते. एक घागर होती, तीही ती तिथेच ठेवून गावात धावली. आणि गावकरी शेवटी तिला म्हणाले की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः ऐकून विश्वास ठेवतो (४:४२). ‘अ’ वर्षाच्या प्रायश्चित्तकाळात तिसऱ्या रविवारी आपण हा उतारा ऐकतो. महाडच्या माणसाला तो ऐकताना चवदार तळे आठवले नाही, तर त्याने पुन्हा ऐकावा.

नकार म्हणजे पळ काढणे असाही एक गैरसमज होऊ शकतो. जळत्या झुडपापुढे मोशेनेही नको नको म्हटले होते, आणि देवाने ते चालवून घेतले नाही. पुढे त्याच मोशेने सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने साऱ्या लोकांचे तंटे सोडवायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला हे बरे नाही असे सांगितले आणि कामाची वाटणी करायला लावली (निर्गम १८). पहिला नकार कामाला होता, तो चुकीचा. दुसरे शहाणपण एकट्याने सर्व होण्याला नकार देण्याचे होते, ते योग्य. येशू डोंगरावर गेला, पण त्याच रात्री वादळात सापडलेल्या शिष्यांकडे परत आला. बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवला, पण खटला दहा वर्षे सोडला नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या धर्मग्रामात एखादे काम अडले की पहिले वाक्य काय असते? ‘फादर बघतील.’ घरात मुलगा मिस्सेला येईनासा झाला, फादर त्याच्याशी बोलतील. दोन कुटुंबांत अबोला आहे, फादर मिटवतील. एखाद्या नोवेनेला नवस बोललो, संत बघून घेतील. आम्ही धर्मगुरूंचा मान कमी करू इच्छित नाही आणि संतांचाही नाही. पण मान देण्याच्या नावाखाली आपण आपल्या बाप्तिस्म्याचे काम त्यांच्या दारात ठेवून येतो. आणि एक जखम याहून खोल आहे. भारताच्या कॅथलिक बिशपांनी १३ डिसेंबर २०१६ रोजी दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. त्यात त्यांनी कबूल केले की अस्पृश्यता आणि भेदभाव चर्चच्या आतही चालत आले आहेत. ज्या येशूने परकीच्या भांड्यातले पाणी मागितले, त्याची आरास करून पूजा करायची आणि लग्न जुळवताना मात्र जात विचारायची, यालाच आम्ही हार घालून मोकळे होणे म्हणतो.

येणाऱ्या दिवसांत ही सवय आणखी सोपी होणार आहे. २०२४ साली स्वित्झर्लंडमधील लुसर्न शहराच्या एका कॅथलिक चॅपलमध्ये, पापनिवेदनाच्या कक्षात, संगणकावरचा ‘येशू’ बसवण्यात आला होता. लोक प्रश्न विचारत आणि पडद्यावरची आकृती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे उत्तर देई. तो काही काळापुरता प्रयोग होता, संस्कार नव्हता, हे आयोजकांनी स्पष्ट केले होते. आज आपल्या मुलांच्या हातातल्या मोबाईलमध्येही असा सल्लागार आहे. अभ्यासाला, माहितीला त्याचा उपयोग होतो, त्यात वावगे काही नाही. पण अशा यंत्राला राजा करायला आपण निघालो, तर ते डोंगरावर निघून जाणार नाही. मध्यरात्री हाक मारली तरी ते हजर असेल, आणि त्याला काट्यांचा मुकुट कधीच घालावा लागणार नाही. आपल्यासाठी न झिजणारा आणि आपल्याकडून काही न मागणारा मशीहा माणसाने आजवर घडवला नव्हता. तो फार आवडण्याची शक्यता आहे, म्हणूनच सावध राहावे.

या डोंगराळ भागाने संकटे कमी पाहिलेली नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली आणि तीस जण गेले. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली होते, त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांनीही माणसे गमावली. देवा, तू कुठे आहेस, असे तेव्हा अनेकांच्या ओठांवर आले असेल. आंबेनळीच्या दरीत दोर लावून उतरलेली स्थानिक मुले आणि गिर्यारोहक यांच्यापैकी कोणीही स्वतःला तारणारा म्हटले नाही. पूर ओसरल्यावर घरांतला चिखल काढायला आलेल्या हातांनी आपली जात किंवा धर्म सांगितला नाही. आमची श्रद्धा आहे की प्रभू त्या हातांमध्ये होता.

२० मार्च २०२७ रोजी महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. तळ्यावर मोठी गर्दी होईल. आपल्या दारावरून जाणाऱ्यांना पाणी देणे हे त्या दिवशीचे आपले काम असू शकते, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहायला नको. त्याआधी, या आठवड्यात, प्रत्येक घराने एक प्रश्न स्वतःला विचारावा: जे काम प्रभूने माझ्यावर टाकले होते आणि मी ‘कोणीतरी बघेल’ म्हणून सोडून दिले, ते कोणते? अबोला धरलेल्या शेजाऱ्याचे दार असेल, आजारी माणसाची खाट असेल, मुलाच्या लग्नाच्या बोलणीत आपण विचारलेला एखादा प्रश्न असेल. पुढच्या रविवारी मिस्सेला येण्यापूर्वी त्या कामाला हात घालावा.